मोटारगाडीची उंची आणि स्प्रिंगेचे गणित

मोटारगाडी जमिनीपासून किती उंच असावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ आवडीनिवडीचा वाटतो. बुटकी गाडी डौलदार दिसते आणि वळणावर जमिनीला धरून चालते, अशी अनेक तरुण मालकांची समजूत असते. गाडी बुटकी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणून तिच्या स्प्रिंगेचे एक वेटोळे कापून टाकण्यात येते. या कामास एक करवत आणि अर्धा दिवस पुरतो. त्यात गाडी नेमके काय गमावते ते मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते आकड्यांनी पाहता येते, आणि त्यासाठी शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानाहून फारसे अधिक काही लागत नाही.

ही हौस नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या गाड्या विकत घेऊन त्या बुटक्या करण्याचा परिपाठ पाडला. कोणी सामानाच्या कप्प्यात वाळूची पोती ठेवी, कोणी स्प्रिंगा कापी. अशा गाड्यांना ‘लोरायडर’ असे नाव पडले. 1958 पासून त्या राज्यात असा नियम लागू झाला की, गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये. त्याला उत्तर म्हणून 1959 मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या गाडीस द्रवदाबाचे पंप बसवले. त्यायोगे रस्त्यावर पोलीस दिसताच गाडी वर उचलता येई! तो नियम 2023 मध्ये संमत झालेल्या कायद्याने रद्द झाला. तेथील रस्ते रुंद आणि गुळगुळीत होते, आणि त्या गाड्या मुद्दाम हळू चालवण्यासाठी होत्या, ही गोष्ट भारतीय वाचकाने विसरू नये.

स्प्रिंग काय करते

स्प्रिंगेवर जितका भार, तितकी ती दबते, हा नियम रॉबर्ट हुक याने 1678 मध्ये उघडपणे मांडला. त्यापूर्वी दोन वर्षे त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला होता. एक सेंटिमीटर दाबण्यासाठी जो भार लागतो, त्यास आपण स्प्रिंगेचा ताठरपणा म्हणू. गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंगेत हा ताठरपणा तीन गोष्टींवर ठरतो. तारेची जाडी वाढली की तो जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. वेटोळ्याचा व्यास वाढला की त्याच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटतो. आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या वाढली की त्याच प्रमाणात घटतो. यांतील शेवटची गोष्ट आपल्या विषयाशी निगडित आहे.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबास सोयीचे निवडले आहेत, तथापि ते लहान मोटारगाडीच्या जातीचेच आहेत. न्यूटनऐवजी आपण गॅरेजातील बोलीप्रमाणे किलोग्रॅमचा भार धरू. गाडीचे वजन 1000 किलोग्रॅम आहे आणि प्रत्येक चाकावरील स्प्रिंगेवर 250 किलोग्रॅम भार येतो. स्प्रिंगेला काम करणारी 6 वेटोळी आहेत आणि तिचा ताठरपणा सेंटिमीटरला 20 किलोग्रॅम आहे. भार नसताना दर वेटोळ्याने 5 सेंटिमीटर जागा व्यापली आहे, आणि टोकांची 3 सेंटिमीटर धरून तिची लांबी 33 सेंटिमीटर भरते. भार पडताच ती 250 भागिले 20, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर दबते व 20.5 सेंटिमीटर लांब राहते. या स्थितीतून चाकाला वर येण्यास 8 सेंटिमीटर वाव आहे. त्यानंतर ते रबरी अडसरावर आदळते. खाली लोंबकळण्यासही तितकाच वाव आहे.

1983 साली गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या मारुती 800 पासून भारतात रूढ झालेल्या बहुतेक लहान गाड्यांत पुढील चाकाची स्प्रिंग धक्काशोषकाच्या नळीभोवतीच बसवलेली असते. ही रचना अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याच्या नावाने ओळखली जाते. 1950 साली ब्रिटनमधील फोर्ड कंपनीच्या कॉन्सल व झेफर या गाड्यांत ती वापरली गेली. या रचनेत चाक जितके वर येते, स्प्रिंग जवळजवळ तितकीच दबते. म्हणून आपला हिशेब सोपा होतो.

एक वेटोळे कापल्यावर

सहापैकी एक वेटोळे कापले. स्प्रिंग 33 ऐवजी 28 सेंटिमीटरची झाली. मग गाडी 5 सेंटिमीटर खाली येईल काय? नाही. उरलेल्या प्रत्येक वेटोळ्यावर पूर्वीइतकाच भार आहे, म्हणून प्रत्येक वेटोळे पूर्वीइतकेच दबते. दबलेल्या स्थितीत दर वेटोळ्यास साडेसतरा भागिले सहा, म्हणजे 2.9 सेंटिमीटर जागा लागत होती. गाडी तेवढीच उतरते. हे ठाऊक नसल्यामुळे मिस्त्री पहिल्या कापणीने समाधान न पावता आणखी अर्धे वेटोळे कापतो, असे पुष्कळदा घडते.

ताठरपणा मात्र वाढला. वेटोळी 6 वरून 5 झाली, म्हणून तो 20 वरून 24 झाला. वरवर पाहता ही भरपाई झाली असे वाटेल. परंतु खड्ड्याची कड चाकाला वर फेकते, तेव्हा अडसराला लागण्यापूर्वी स्प्रिंग किती ऊर्जा पोटात घेऊ शकते, हा खरा प्रश्न आहे. ही ऊर्जा ताठरपणाच्या निम्म्यास उरलेल्या अंतराच्या वर्गाने गुणून मिळते. पूर्वी 10 गुणिले 64, म्हणजे 640 किलोग्रॅम-सेंटिमीटर ऊर्जा सामावत होती. आता अंतर 8 वजा 2.9, म्हणजे 5.1 सेंटिमीटर उरले. त्याचा वर्ग 26. आणि 12 गुणिले 26 म्हणजे 312. गाडी तीन सेंटिमीटरांनीसुद्धा खाली आली नाही, आणि धक्का सोसण्याची तिची शक्ती निम्म्याहून कमी झाली. अंतराचा वर्ग होतो, त्यातच सर्व काही आहे.

पूर्वीइतकाच धक्का सोसावयाचा, तर ताठरपणा 49 हवा, म्हणजे मूळच्या जवळजवळ अडीचपट. अशा गाडीत बसणे म्हणजे बैलगाडीत बसणेच होय. स्प्रिंगेवर तोललेले वजन स्वाभाविकपणे मिनिटाला किती आंदोलने करते, हे भाराखाली झालेल्या दाबावरून काढता येते. मूळ गाडीत ती संख्या सुमारे 85 आहे, आणि चालणाऱ्या माणसाच्या शरीरास ती सवयीची असते. ताठरपणा 49 झाल्यास ती 132 वर जाते. मात्र गाडी केवळ दीड सेंटिमीटर उतरवली, तर 30 चा ताठरपणा पुरतो आणि आंदोलने 104 होतात. हे कडक आहे, पण असह्य नाही. वाजवी मर्यादा कोठे पडते, ते या दोन आकड्यांवरून दिसून येईल.

वरील हिशेब एकट्या चालकाच्या गाडीचा आहे. आता तीत माणसे व सामान मिळून आणखी 300 किलोग्रॅम भरा, म्हणजे दर चाकावर 75. मूळ गाडी त्यामुळे पावणेचार सेंटिमीटर दबते आणि अडसरापर्यंत सव्वाचार सेंटिमीटर उरतात. कापलेल्या स्प्रिंगेवर ती 3.1 सेंटिमीटर दबते आणि अवघे 2 सेंटिमीटर उरतात. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस कलली की हे 2 सेंटिमीटर सहज संपतात. चाक अडसराला टेकताच त्या कोपऱ्याचा ताठरपणा एका क्षणात अनेकपट होतो, आणि टायरची रस्त्यावरील पकड तुटू शकते. पुढील चाकाची पकड सुटली तर गाडी वळणाबाहेर सरकते. मागील चाकाची सुटली तर गाडीची शेपूट फिरते. धोका आहे तो हा. अंग हादरणे ही त्यामानाने किरकोळ बाब आहे.

दुसरा धोका उलट दिशेचा. उंचवट्यावरून जाताना किंवा जॅकवर गाडी उचलताना चाक खाली लोंबते, तेव्हा आपल्या उदाहरणातील बैठकींमधील अंतर 20.5 अधिक 8, म्हणजे 28.5 सेंटिमीटर होते. मूळ स्प्रिंग 33 सेंटिमीटरची असल्यामुळे तेथेही ती घट्ट दाबलेली राहते. कापलेली स्प्रिंग 28 सेंटिमीटरचीच आहे. ती अर्धा सेंटिमीटर सैल पडते, बैठकीवरून सरकते, आणि चाक पुन्हा टेकताना वाकडी बसू शकते. शिवाय कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगेचे टोक तिच्या बैठकीच्या आकाराप्रमाणे घडवलेले असते. करवतीने कापलेले टोक एकाच बिंदूवर टेकते आणि सारा भार तेथेच साठतो.

वायूच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून तिला बसवण्याची पद्धत तर याहूनही वाईट आहे. स्प्रिंगेचे पोलाद आधी कडक केलेले व मग नियंत्रित उष्णतेने चिवट बनवलेले असते. ते लालबुंद होईपर्यंत तापवले की तो संस्कार त्या जागी नष्ट होतो, आणि पुढे ती स्प्रिंग कोणत्या दिवशी आणखी बसेल किंवा तुटेल याचा भरवसा देता येत नाही. डाव्या व उजव्या स्प्रिंगा सारख्याच तापल्या, असेही कोणी सांगू शकत नाही.

लाभ किती?

गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सरकणारा भार कमी होतो, हे खरे आहे. किती कमी होतो ते पाहू. 1000 किलोग्रॅमची गाडी, गुरुत्वमध्य 55 सेंटिमीटर उंचीवर, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर 140 सेंटिमीटर, आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा, म्हणजे कोणाही प्रवाशास भीती वाटेल इतका. तेव्हा 196 किलोग्रॅम भार बाहेर सरकतो. गुरुत्वमध्य 3 सेंटिमीटर खाली आणल्यास तो 186 होतो. लाभ शेकडा पाच. त्यासाठी धक्का सोसण्याची शक्ती शेकडा पन्नासाहून अधिक गमवावी, हा सौदा शहाणपणाचा म्हणता येणार नाही.

तोही लाभ मॅकफर्सन रचनेत पुरता हाती लागत नाही. गाडी खाली आली की चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे आतील टोक बाहेरील टोकापेक्षा खाली जाते. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू त्यामुळे गुरुत्वमध्यापेक्षाही झपाट्याने खाली उतरतो. दोहोंतील अंतर वाढते आणि ताठरपणा पुरेसा वाढवला नसल्यास गाडी पूर्वीपेक्षा अधिक कलते. बुटकी गाडी वळणावर हमखास स्थिर असते, ही समजूत म्हणूनच सरसकट खरी नाही.

केवळ पुढची बाजू उतरवणे हेही तितकेच चुकीचे आहे. पुढील चाके उंचवट्यावर आधी जातात आणि मागील नंतर. मागील स्प्रिंगांची आंदोलने पुढीलांपेक्षा थोडी जलद ठेवली, तर मागची बाजू पुढच्या बाजूस गाठते आणि गाडी डुलत राहत नाही. मॉरिस ऑली या अभियंत्याने 1930 च्या दशकात हे दाखवून दिले. पुढील स्प्रिंगाच कापून ताठर केल्या की हे नाते बिघडते. तसेच काही गाड्यांत मागील आसाजवळ एक झडप असते. मागची बाजू दबली की गाडीत ओझे आहे असे समजून ती मागील ब्रेकांना अधिक दाब देते. मागची बाजू उतरवून ही झडप तशीच ठेवल्यास रिकाम्या गाडीतही तिला ओझे भासते आणि जोराने ब्रेक लावताच मागील चाके आवळली जाऊन घसरतात.

आपले रस्ते आणि आपला कायदा

भारतीय रस्ते परिषदेच्या 1988 च्या मार्गदर्शक मानकानुसार गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा खंड असावा. पुढील व मागील चाकांत 2.4 मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या मधोमध आली, तर चारही चाके गतिरोधकावरच असतात आणि पोटाखाली केवळ 4.2 सेंटिमीटर उंचवटा येतो. विद्यार्थ्यांनी हे स्वतः काढून पाहावे: जीवेचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. प्रमाणबद्ध गतिरोधकावर म्हणून बुटकी गाडीही अडत नाही. परंतु गावोगावच्या रस्त्यांवर लोकांनी हौसेने रचलेले अरुंद गतिरोधक चाकांच्या मधोमध बसतात, आणि तेथे संपूर्ण उंची पोटाखाली येते. मूळ गाडी भरलेली असता तिच्या पोटाखाली समजा पावणेतेरा सेंटिमीटर मोकळे असतील. कापलेल्या स्प्रिंगांवर साडेदहाच उरतील. 10 सेंटिमीटरच्या अरुंद उंचवट्यावर मग इंजिनाच्या तेलाची टाकी आणि दगड यांत अर्धा सेंटिमीटर अंतर राहते, तेही गाडी हिंदकळली नाही तर.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनाच्या मूळ तपशिलात बदल होईल अशा फेरफारास मनाई करते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हाच अर्थ दृढ केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने घातलेल्या कलम 182 अ प्रमाणे अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास दर बदलागणिक 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यास्तव सार्वजनिक रस्त्यावरील गाडीस हात लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयास आणि विमा कंपनीस लेखी विचारावे. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइमतूर येथील शर्यतीच्या मार्गांची गोष्ट निराळी. गुळगुळीत पृष्ठभागावर बुटक्या गाडीस खरे स्थान आहे.

थोड्या पैशांत काय करावे

सर्वप्रथम मोजावे, त्यास खर्च नाही. सपाट जागी गाडी उभी करून, टायरांत योग्य हवा भरून, प्रत्येक चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजपट्टीने घ्यावी. जुन्या गाडीच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात, आणि मालक ज्या गाडीस उंच म्हणतो ती कारखान्याच्या मापापेक्षा आधीच खाली आलेली आढळते. मग झिजलेले रबरी बुश, सैल बॉलजॉइंट आणि तेल गळणारे धक्काशोषक पाहावेत. वळणावर गाडी ‘सुटते’ अशी तक्रार असल्यास बहुधा दोष येथेच सापडतो, आणि ते भाग बदलल्यावर गाडी बुटकी करण्याची इच्छा पुष्कळांची आपोआप मावळते. उपलब्ध पैसा आधी येथे व चांगल्या टायरांत घालावा, असे आमचे मत आहे.

तरीही उंची कमी करावयाची असेल, तर त्याच गाडीच्या नमुन्यासाठी घडवलेल्या, आखूड पण अधिक ताठर अशा चार स्प्रिंगांचा जुळलेला संच घ्यावा, आणि त्यांना साजेसे धक्काशोषक. दोहोंपैकी एकच घेण्याइतका पैसा असेल, तर थांबावे. ताठरपणा दीडपट झाला की आंदोलने शमवण्यासाठी लागणारा जोर सुमारे सव्वापट हवा असतो. झिजलेला धक्काशोषक तो देऊ शकत नाही आणि गाडी बेडकासारखी उड्या मारू लागते. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट्टई, कोलकात्यात मल्लिक बाजार अशा जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत स्प्रिंगा स्वस्त मिळतात. त्या घ्यावयाच्या तर जोडीची लांबी सपाट फरशीवर पडताळावी, आणि गंजाचे खोल ठिपके असलेली स्प्रिंग परत करावी, कारण तडा तेथूनच सुरू होतो. वापरलेले धक्काशोषक मात्र घेऊ नयेत.

स्प्रिंग काढणे हे नवशिक्याचे काम नव्हे. आपल्या उदाहरणातील स्प्रिंग 15 सेंटिमीटर दाबली असता तीत साठलेली ऊर्जा 22 किलोग्रॅमचे पोते एक मीटर उंचीवरून पडावे इतकी असते. दाबण्याचे दोन शिकंजे समोरासमोर बसवून ती सैल झाल्याची खात्री पटेपर्यंत नळीच्या माथ्याची मधली चाकी सोडू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली लोखंडी घोडी हवीच. आणि बुशांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी स्वतःच्या चाकांवर टेकलेली असावी, अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहते.

उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, म्हणून व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. ती टाळल्यास वाचलेले पैसे टायरांच्या आतील कडांसह झिजून जातात. दिव्यांचे झोतही तपासावेत. पुढची बाजू मागच्यापेक्षा 3 सेंटिमीटर अधिक उतरली, तर 25 मीटरवर प्रकाश सुमारे 30 सेंटिमीटर खाली पडतो.

यानंतर एक छोटा प्रयोग करावा. धक्काशोषकावरील धूळरोधक रबर वर सरकवून त्याच्या चकचकीत दांड्यावर, नळीच्या तोंडाला टेकेल अशी, एक घट्ट रबरी चकती बसवावी. नेहमीच्या रस्त्याने, नेहमीची माणसे घेऊन, सावकाश पाच-दहा किलोमीटर जाऊन यावे. नळी वर येताना चकतीला पुढे ढकलते आणि परत जाताना तेथेच सोडते. त्यामुळे चाक जास्तीत जास्त किती वर आले याची खूण दांड्यावर मिळते. चकती आणि अडसर यांत दोन सेंटिमीटर उरले असतील, तर काम जमले. ती अडसराला भिडलेली आढळली, तर जुन्या स्प्रिंगा परत बसवाव्यात. त्या तोवर भंगारात दिलेल्या नसाव्यात.